वडिलांची बुलेट आणि चिकटलेला क्लच

रविवारची सकाळ. वेळ साडेसातची. बंगळुरूच्या इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या एका बहुमजली सोसायटीचं बेसमेंट. दोन खांबांच्या मध्ये जुनी काळी बुलेट उभी आहे. महाराष्ट्राचा तीन अक्षरी जुना नंबर, टाकीवर हाताने ओढलेल्या सोनेरी रेघा. शेजारी घामाघूम झालेला तिचा मालक. किक मारली की इंजिन सुरू होतं, छान धपधपतं. पण क्लच दाबून पहिला गिअर टाकला रे टाकला, की गाडी बेडकासारखी पुढे उडी मारते आणि बंद पडते. एकदा झालं, दोनदा झालं. तिसऱ्या वेळी पुढचं चाक शेजाऱ्यांच्या मोटारीपासून वीतभर अंतरावर थांबलं.

लिफ्टपाशी उभी असलेली बायको म्हणते, ‘‘अरे, पुरे आता! इथे पोरं सायकली फिरवतात. तिला गावी तरी पाठव, नाहीतर विकून तरी टाक.’’

वर घरी गेल्यावर आई चहाचा कप पुढे ठेवत विचारतात, ‘‘आधी रिकाम्या किक मारल्यास का? तुझे बाबा मारायचे.’’

रिकाम्या किक? हो की! बाबा रोज सकाळी चावी न लावताच, क्लच दाबून धरून चार किक मारायचे. मग चावी फिरवायचे आणि पाचव्या किकला गाडी सुरू करायचे. घरातली पोरं हसायची. बाबांची एकेक लहर, असं म्हणून सोडून द्यायची. बाबा गेले, गाडी राहिली आणि त्या चार किक कशासाठी होत्या हे विचारायचं राहून गेलं.

हे चित्र कुणा एका घरचं नाही. सांगली, सोलापूर, बेळगाव, कोल्हापूरकडून नोकरीसाठी बंगळुरूला आलेल्या अनेक मराठी घरांत ते थोड्याफार फरकाने दिसू शकतं. कुठे बुलेट असते, कुठे जावा, कुठे येझदी, तर कुठे राजदूत. दुखणं मात्र एकच. गाडी बरेच दिवस उभी राहिली आणि क्लच चिकटला. यात बहुतेक वेळा मोडलेलं काहीच नसतं. पण ‘क्लच गेला’ एवढे दोन शब्द कुणी उच्चारले, की घरच्यांचा धीर सुटतो आणि चांगली धडधाकट गाडी भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढते.

गावाकडची पाहुणी

इलेक्ट्रॉनिक सिटी हे नाव आज आयटी कंपन्यांमुळे घरोघरी माहीत आहे. मुळात सत्तरच्या दशकाच्या अखेरीस कर्नाटक सरकारच्या ‘केओनिक्स’ या महामंडळाने कोनप्पन अग्रहार आणि दोड्डतोगूर या गावांच्या ३३२ एकर जमिनीवर ही वसाहत उभी करायला घेतली. कल्पना होती आर. के. बाळिगा यांची. तेव्हा होसूर रस्त्यावरच्या त्या माळावर कोण कारखाने काढणार, असाच प्रश्न होता. १९९४ मध्ये इन्फोसिसने आपलं मुख्यालय इथे हलवलं आणि मग माळाचं नशीबच पालटलं. २०१० मध्ये सिल्क बोर्डापासून इथवर उंच उड्डाणमार्ग आला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये मेट्रोची पिवळी लाइनही धावू लागली.

अशा वस्तीत गावाकडची जुनी मोटरसायकल येते ती बहुधा रेल्वेच्या पार्सलने. टाकीतलं पेट्रोल पूर्ण काढायचं, गाडीला गोणपाट गुंडाळायचं, नावाची पाटी बांधायची आणि सोडून द्यायचं. इथे पोचल्यावर ती बेसमेंटमध्ये जाते आणि तिथेच राहते. ऑफिसला मेट्रो किंवा कंपनीची बस. रोज सिल्क बोर्डाच्या गर्दीत जुनी बुलेट घालायची हौस कुणाला असणार? त्यात बंगळुरूचा पाऊस. जूनपासून सुरू होतो आणि इतर गावं दसरा-दिवाळीला कोरडी झाली तरी इथे ऑक्टोबरातही चांगला झोडपतो. बेसमेंटची हवा महिनोन्महिने दमट. या सगळ्यात गाडी सहा-सहा आठवडे हलत नाही. इंजिनाला त्याचं फारसं काही वाटत नाही. क्लचला वाटतं.

ओल्या ताटल्या

जेवणं झाल्यावर स्टीलच्या दोन सपाट ताटल्या ओल्याच एकावर एक ठेवल्या, तर सकाळी काय होतं ते कुठल्याही गृहिणीला विचारा. वरची उचलावी तर खालची सोबत येते. ओढून निघत नाही. जरा पिळा दिला, सरकवली, की ‘चप्’ आवाज करून सुटते. मोटरसायकलच्या चिकटलेल्या क्लचची सगळी कहाणी या ‘चप्’मध्ये आहे.

इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये क्लच बसलेला असतो. एका गोल डब्यात ताटल्यांसारख्या चकत्यांची चळत. एक साध्या पोलादाची, एक घर्षणाचा थर लावलेली, पुन्हा एक पोलादाची, अशी पाळीपाळीने. एका जातीच्या चकत्या इंजिनाबरोबर फिरणाऱ्या डब्यात अडकवलेल्या, दुसऱ्या जातीच्या गिअरबॉक्सच्या दांड्यावरच्या तुंब्यात. मजबूत स्प्रिंगा ही चळत दाबून धरतात. दाबलेल्या असल्या की सगळ्या एकजुटीने फिरतात आणि इंजिनाची ताकद चाकापर्यंत पोचते. हातातला क्लच ओढला की केबल एक दांडा ढकलते, तो दांडा वरचं झाकण जेमतेम दोनेक मिलिमीटर उचलतो आणि चकत्या मोकळ्या होतात. दोन मिलिमीटर, आणि तेही सगळ्या चकत्यांत वाटून घ्यायचे! प्रत्येक फटीच्या वाट्याला अगदी केसभरच जागा येते.

जुन्या बुलेटमध्ये आणि जावामध्ये हा क्लच तेलात बुडालेला असतो. गाडी रोज फिरते तेव्हा तेलामुळे चकत्या थंड राहतात. पण गाडी उभी राहिली की स्प्रिंगांच्या दाबाखाली चकत्यांमधलं तेल पिळून निघतं आणि मागे राहतो तो घट्ट, चिकट थर. दमट हवेतलं पाणी आत शिरलं तर पोलादी चकत्यांवर तांबूस गंजही धरतो. आता क्लच ओढला, स्प्रिंगा उचलल्या गेल्या, तरी चकत्या एकमेकींना सोडत नाहीत. होसूर रस्त्यावरचा मिस्तरी कन्नडमध्ये म्हणेल, ‘प्लेट हिडकोंडिदे’, म्हणजे प्लेटी धरल्यात. दुखण्याचं नेमकं वर्णन या एका शब्दात आहे. तुटल्या नाहीत, झिजल्या नाहीत, धरल्यात.

आणि म्हणूनच बाबांच्या चार किक! बुलेटची किक सरळ इंजिनाला लागत नाही. ती गिअरबॉक्समधून, क्लचच्या मार्गाने इंजिन फिरवते. क्लच दाबून किक मारली की एका बाजूने पाय गिअरबॉक्सचा दांडा फिरवतो, दुसऱ्या बाजूला इंजिन आपल्या जागी अडून बसलेलं असतं. मधल्या चकत्यांना पिळा बसतो आणि त्या सुटतात. ताटल्यांचं ‘चप्’ ते हेच. रात्रभरात जेवढं चिकटलं असेल तेवढं रोज सकाळी सुटायचं. बाबांच्या गाडीचा पहिला गिअर ‘खट्’ असा न वाजता पडायचा, तो यामुळे.

आधी दुखणं ओळखा

मात्र क्लच सुटत नाही म्हणजे प्लेटीच चिकटल्या असं लगेच समजू नये. गाडी हाती घेण्यापूर्वी पाच मिनिटं नुसतं बघण्यात घालवावीत.

प्रथम हँडलवरचा क्लचचा दांडा. तो सुरुवातीला दोन-तीन मिलिमीटर सैल हलायला हवा आणि पुढे जोर लागायला हवा. अगदीच ढिला लोंबत असेल तर केबल ताणली गेली आहे किंवा तिच्या तारा तुटत आल्या आहेत. ओढल्यावर परत येत नसेल तर केबलच्या नळीत गंज आहे. असं असेल तर गिअरबॉक्सच्या अंगावरचं छोटं झाकण उघडावं आणि घरातल्या कुणाला तरी क्लच ओढायला सांगून आतला दांडा हलतो का ते पाहावं. हलत नसेल तर नवी केबल घाला. काम संपलं, फार तर अर्ध्या तासाचं.

दांडा व्यवस्थित हलतो, हाताला स्प्रिंगांचा जोर लागतो आणि तरीही क्लच दाबून गाडी गिअरमध्ये ढकलली तर मागचं चाक इंजिनासकट अडतं, असं असेल तर प्लेटी चिकटल्या आहेत, असं धरायला हरकत नाही.

एक गोष्ट इथेच सांगितलेली बरी, कारण अनेकांचा घोळ होतो. घसरणारा क्लच वेगळा आणि चिकटलेला क्लच वेगळा. घसरणाऱ्या क्लचमध्ये इंजिन ओरडतं पण गाडी पळत नाही. तिथे प्लेटी झिजलेल्या असतात आणि नव्या घालाव्याच लागतात. चिकटलेल्या क्लचमध्ये गाडी नको तेव्हा पळते. दुकानदाराला नीट सांगितलं नाही तर तो पहिल्या दुखण्याचं औषध दुसऱ्याला देऊन मोकळा होईल.

चार किक आणि एक ट्यूब

क्लच जास्त दिवस चिकटलेला असला तर चार किक पुरत नाहीत. पण तत्त्व तेच.

पहिली रात्र गाडीला काही करायचं नाही. सायकलच्या जुन्या ट्यूबची एक पट्टी कापायची, क्लचचा दांडा पूर्ण ओढायचा आणि तो हँडलच्या मुठीला घट्ट बांधून टाकायचा. स्प्रिंगांचा दाब रात्रभर उचललेला राहतो आणि तेलाला चकत्यांच्या फटीत शिरायला वाव मिळतो. कित्येकदा सकाळी एवढ्यावरच काम झालेलं असतं.

नसेल झालं तर चावी बंद, गाडी न्यूट्रलमध्ये, दांडा बांधलेलाच. किक हळूहळू खाली दाबत इंजिन अडतं ती जागा शोधायची आणि तिथून जोराने, पण धसमुसळेपणा न करता किक द्यायची. इथे बुलेटवाले एक चूक हमखास करतात. सवयीने डीकम्प्रेसरची कळ दाबतात. ती दाबली की इंजिनातली हवा निसटते, इंजिन सहज फिरतं आणि सगळा पिळा वाया जातो. इंजिन अडून बसायला हवं, तरच चकत्या सुटतील. दहा-बारा किकमध्ये एखादी किक अचानक हलकी, पोकळ लागते. पाय सरळ खाली जातो आणि इंजिन हलत नाही. झालं! क्लच सुटला. रिकामी किक म्हणतात ती ही.

अजूनही हटून बसला तर गाडी स्टँडवरून उतरवायची, सगळ्यात वरचा गिअर टाकायचा, चावी बंदच ठेवायची आणि क्लच ओढून गाडी पुढे-मागे हिसके देत हलवायची. वरचा गिअर कशासाठी? त्या गिअरमध्ये चाकाचा हिसका सर्वांत जास्त जोराने क्लचपर्यंत पोचतो. पहिल्या गिअरमध्ये चाक नुसतंच घासत राहतं आणि माणूस दमतो. एकाने मागून ढकलायला हवं, एकाने हँडल धरायला. घरातलं दहा-बारा वर्षांचं पोर या कामाला उत्साहाने येतं आणि त्याला येऊही द्यावं. इंजिन बंद असल्याने यात धोका नाही.

तेल गरम झालं की पातळ होतं, हाही उपाय आहे. गाडी न्यूट्रलमध्ये सुरू करून दहा मिनिटं चालवायची, बंद करायची आणि लगेच वरचा हिसक्यांचा प्रयोग करायचा. पण हे काम बेसमेंटमध्ये मुळीच नको. गाडी ढकलत उघड्यावर न्या, मगच सुरू करा. बंद जागेत इंजिनाच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला ना रंग ना वास, डोकं जड झालं असं वाटेपर्यंत माणूस हातपाय गाळून बसतो. सुटीच्या दिवशी बेसमेंटचे पंखे बंद असतात हेही लक्षात असू द्या.

पराक्रम नको

जुन्या मोटरसायकलवाल्यांच्या अड्ड्यावर एक उपाय मोठ्या अभिमानाने सांगितला जातो. गाडी धावत ढकलायची, उडी मारून बसायचं, गिअरमध्ये सुरू करायची आणि क्लच दाबून ठेवून ॲक्सिलेटर सोड-धर करत, मध्येच ब्रेक मारत पळत राहायचं. कधीतरी प्लेटी सुटतात. सुटतात हे खरं. पण तोवर ही गाडी थांबवायची म्हणजे इंजिन बंद पाडण्याशिवाय मार्ग नसतो. मोकळ्या माळावर एके काळी हे चालून गेलं असेल. होसूर रस्त्यावर, जिथे दर पन्नास फुटांवर रिक्षा आडवी येते, तिथे हा वेडेपणा आहे.

त्याहून वाईट म्हणजे सुरू इंजिनावर, उभ्या गाडीत, ‘बघू तर खरं’ म्हणून पहिला गिअर टाकणं. बेसमेंटमधला तो गृहस्थ हेच करत होता. शेजाऱ्यांची मोटार वाचली. तिथे एखादं सायकलवरचं पोर असतं तर? बायको चिडली ती उगाच नव्हे.

झाकण उघडायचं तर

वर सांगितलेलं सगळं करून झालं आणि आठवडा गेला तरी क्लच सुटला नाही, तर समजावं की गंज धरलाय आणि चकत्या बाहेर काढल्याशिवाय इलाज नाही. हे काम ऐकायला मोठं वाटतं. जुन्या बुलेटमध्ये ते तसं नाही. जुन्या मिस्तरींना ही गाडी का आवडते, ते इथे कळतं. क्लच असतो डाव्या बाजूला, साखळीच्या लांबट झाकणाखाली. डावा फूटरेस्ट काढायचा आणि पुढे ते अख्खं झाकण एकाच मोठ्या नटावर! खाली परात ठेवायला मात्र विसरू नये, नाहीतर सगळं तेल सोसायटीच्या फरशीवर आणि सेक्रेटरींची चिठ्ठी दारावर. (घरातली रोजची परात नेऊ नये, हे सांगायला नकोच.)

झाकण हटत नसेल तर स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नका. झाकण ॲल्युमिनियमचं असतं. एकदा कडेला दात पडला की तेलाची गळती जन्माची सोबत करते. रबरी हातोडीने किंवा लाकडी ठोकळा ठेवून सगळीकडून हलके ठोकावं.

आत स्प्रिंगा आहेत. त्या दाबाखाली असतात, म्हणून शेवटच्या काही फेऱ्या सगळ्यांच्या थोड्याथोड्या सोडाव्यात आणि तोंड जवळ नेऊ नये. प्रत्येक टप्प्यावर मोबाइलवर फोटो काढावा. पूर्वी मिस्तरी चकत्या निघतील त्या क्रमाने तारेत ओवून खिळ्याला टांगून ठेवत. ती पद्धत आजही फोटोपेक्षा भरवशाची.

चिकटलेल्या चकत्या सोडवायला बोथट पातं वापरावं आणि कडेकडेने फिरवावं. मग रॉकेल किंवा डिझेलने धुवायच्या. या कामी एक सावधगिरी हवीच. जुन्या काळच्या क्लच आणि ब्रेकच्या थरांमध्ये ॲस्बेस्टॉस वापरत. त्याची धूळ फुप्फुसात गेली तर वर्षानुवर्षांनी जीवघेणं दुखणं देऊ शकते. म्हणून कोरडं घासणं नको, फुंकर नको, हवेचा पाइप तर नकोच. ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं पिशवीत बांधून टाकून द्या.

धुतलेली पोलादी चकती काचेवर ठेवून बघा. डगमगली तर वाकली आहे, बदला. मात्र काही गाड्यांत एखादी चकती मुद्दामच किंचित बशीसारखी केलेली असते, तिला वाकडी समजून फेकू नका. कुठल्या बाजूने बसली होती ते फोटोत पाहा. तांबेरा बारीक पॉलिश पेपरने, तेल लावून, काढता येतो. घर्षणाचा थर काचेसारखा गुळगुळीत झाला असेल तर नवी चकती घेतलेली बरी. आणि ज्या डब्यात चकत्या बसतात त्याच्या खाचांमध्ये बोट फिरवून बघा. वर्षानुवर्षांच्या ठोक्यांनी तिथे लहान खळगे पडतात आणि चकतीचा कान त्यात अडकून बसतो. अशी गाडी धुऊन-पुसून बसवली तरी आठ दिवसांत तीच तक्रार. कानशीने ते खळगे हलके सपाट केले की निम्मं दुखणं जातं. घाईतला मिस्तरी हेच नेमकं टाळतो.

नव्या चकत्या बसवण्यापूर्वी रात्रभर तेलात बुडवून ठेवायच्या. स्प्रिंगांचे नट सारखे आवळायचे आणि क्लच ओढून, किक हळू फिरवून वरचं झाकण सगळीकडून सारखं उचललं जातंय का ते बघायचं. एका बाजूने कमी उचललं तर चकत्या त्या बाजूला पुन्हा धरतील. तेल भरताना पातळी दाखवणाऱ्या नटापर्यंतच भरायचं. जास्त तेलाने क्लच अधिक चिकटतो. मोटारीचं नव्या जमान्याचं तेल घालू नये. त्यातल्या घसरट रसायनांनी क्लच घसरू लागतो. मोटरसायकलच्या तेलाच्या डब्यावर ‘जासो एमए’ असा शिक्का असतो, तो पाहून घ्यावं.

म्हैसूरची जावा

बुलेट आली मद्रासजवळच्या तिरुवोत्तियूरहून. जावा मात्र इथली, म्हणजे म्हैसूरची लेक. झेकोस्लोव्हाकियाच्या जावा कंपनीच्या परवान्याने ‘आयडियल जावा’ने १९६१ मध्ये म्हैसूरला कारखाना काढला. पुढे जावाची येझदी झाली आणि १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. तरी बंगळुरूने या गाड्यांवरची माया सोडलेली नाही. जुलैच्या दुसऱ्या रविवारी इथे जावा-येझदीवाल्यांचा मेळा भरतो आणि निळ्या धुराच्या ढगातून ‘डिंग डिंग डिंग’ ऐकत लोक उभे राहतात.

जावाची खोड निराळी. तिचा गिअर आणि किक हा एकच दांडा! आत दाबून वर फिरवला की किक, परत खाली आणला की गिअर. शिवाय पायाने गिअर दाबताच क्लच आपोआप थोडा उचलला जातो, हात लावला नाही तरी चालतं. म्हणजे जावाचा क्लच दोन ठिकाणांहून चालतो, केबलने आणि पायातल्या यंत्रणेने. तो सुटत नसेल तर दोन्हींची जुळणी तपासावी लागते. जावात चकत्यांवर बुचाचे तुकडे बसवलेले असत. बूच म्हणजे बाटलीचं बूच, ओकच्या एका जातीची साल. तेलात भिजलेलं बूच मऊ, लोण्यासारखं काम करतं. पण गाडी दोन-तीन वर्षं कोरडी उभी राहिली की ते तडकतं आणि त्याचे कण तेलात तरंगायला लागतात. अशा वेळी किक-हिसक्यांचा उपयोग नाही. सरळ नव्या चकत्या आणाव्यात.

त्या मिळतात कुठे? बंगळुरूत जे. सी. रोडला. म्हैसूरचा जावा कारखाना ज्यांच्या हस्ते सुरू झाला त्या जयचामराजेंद्र वडियारांचंच नाव या रस्त्याला आहे, हा योगायोग गमतीचा. दुकानात जाताना जुनी चकती वर्तमानपत्रात गुंडाळून बरोबर न्या. ‘पंचाहत्तर सालच्या बुलेटची प्लेट द्या’ असं म्हटलं तर तीन वेगवेगळ्या प्लेटी समोर येतील. नमुना ताडून घ्यावा, दात मोजून घ्यावेत. इलेक्ट्रॉनिक सिटीहून आता मेट्रोने आर. व्ही. रोडला गाडी बदलून के. आर. मार्केटला उतरलं की बाजार जवळच.

कागदपत्रांचंही उरकून टाकावं. परराज्यातली गाडी वर्षाहून अधिक काळ इथे ठेवायची तर मूळ आरटीओचं ना हरकत प्रमाणपत्र आणून कर्नाटकचा नंबर घ्यावा लागतो. पन्नास वर्षांवरच्या, मूळ स्वरूपात राखलेल्या गाड्यांसाठी जुलै २०२१ पासून ‘व्हिंटेज’ नोंदणीचा वेगळा नियम आहे. पण ती घेतली तर गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल एवढ्यापुरतीच. भाजी आणायला न्यायची असेल तर साधी नोंदणीच बरी.

बेसमेंटमधल्या त्या बुलेटचं झाकण उघडायची वेळ आली नाही. शनिवारी रात्री क्लचचा दांडा ट्यूबच्या पट्टीने बांधला. रविवारी मुलीने मागून गाडी धरली आणि सातव्या किकला पाय एकदम पोकळ खाली गेला. गृहस्थाला वाटलं, काहीतरी तुटलं. त्याने घाबरून गाडी उघड्यावर ढकलत नेली, सुरू केली, क्लच ओढून भीत भीत पहिला गिअर टाकला. गाडी जागची हलली नाही. नुसती धपधपत उभी राहिली. सोसायटीला दोन फेऱ्या मारल्या, ब्रेक तपासले, मग आई मागच्या सीटवर बसून कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाऊन कोथिंबीर घेऊन आल्या.

आता दर रविवारी सकाळी चौथ्या मजल्याच्या गॅलरीतून आवाज येतो, ‘‘मारल्यास का रे चार?’’